गुराबेला गुराबच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की सांगली-मिरजेच्या गल्ल्यांत किल्ल्यांसाठी माती भिजते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा, खांदेरी असे जलदुर्ग करणारी मुले तटाची वळणे नकाशावरून काढतात, बुरूज मोजतात, दरवाजाची दिशा चुकू देत नाहीत. भोवतीच्या पाण्यात मात्र उंच पाठीचे, तीन डोलकाठ्यांचे, पुढे बाईची मूर्ती कोरलेले युरोपी जहाज तरंगत असते. त्याचा बुडाचा भाग तांब्याच्या रंगाचा असतो आणि वर भगवा लावलेला असतो. शाळांच्या प्रदर्शनांत आणि वर्तमानपत्रांच्या विशेष पानांतही मराठी आरमार म्हणून हेच जहाज दिसते. ज्या आरमाराने याच जहाजांना पन्नास-साठ वर्षे जेरीस आणले, त्याच्या नावावर शत्रूचेच जहाज खपवले जावे, याचे वाईट वाटते. ही चूक टाळता येते. त्यासाठी या आरमाराच्या लढाऊ नौकांची, म्हणजे मोठ्या गुराबेची आणि तिच्याहून लहान गलबताची, माहिती इथे देत आहोत.

प्रतिकृतीला हात घालण्याआधी साल ठरवावे. ‘मराठा आरमाराचे जहाज’ एवढ्यावर काम सुरू केले की पुढची प्रत्येक गोष्ट अंदाजाची होते. १६६५ची बसरूरची मोहीम, १६७९ची खांदेरीची लढाई, १७२९पर्यंतचा कान्होजी आंग्र्यांचा काळ आणि फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत जळालेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार या चार प्रसंगांत नव्वद वर्षांचे अंतर आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे आणि ते पाहण्यासारखेच आहे. पण ते शिलाहार-यादवांच्या संघर्षातले, तेराव्या शतकातले. त्यावरची वल्ह्यांची रांग पाहून आंग्र्यांचे गलबत बांधणे म्हणजे पेशव्यांच्या पालखीला मोटारीची चाके लावण्यासारखे आहे, फक्त काळ उलट्या दिशेने चुकतो.

गुराब आणि गलबत यांचे सर्वांत कामाचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली छापले. त्याच्या वर्णनातली गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची, सुमारे १५० टनांची असते. तीन डोलकाठ्यांची असेल तर ३०० टनांपर्यंत जाते. ती लांबीच्या मानाने बरीच रुंद, उथळ पाण्यात चालणारी आणि मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली असते. पुढे युरोपी जहाजासारखी फुगीर छाती नसते, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धनौकेसारखी, लांब नाळ (जहाजाचे पुढचे निमुळते टोक) बाहेर आलेली असते. या नाळेवरचा तक्तपोशीचा, म्हणजे पायाखालच्या फळ्यांचा, भाग मुख्य डेकच्या पातळीतच असतो, पण त्याला बाजूचे कठडे नसतात. कारण समोरून लाट आली की अशी गुराब जोरात आपटते आणि नाळेवर चढलेले पाणी अडकून न राहता तसेच वाहून जावे लागते. नाळ आणि डेक यांच्यामध्ये एक आडवी भिंत असते. तिच्यातल्या दोन झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून पुढे मारा करतात. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असतात.

प्रतिकृतीत सर्वांत जास्त चुकते ते नेमके इथे. नाळेला कठडा लावला जातो आणि पुढच्या तोफा थेट छातीला भोके पाडून बसवल्या जातात. कठडा लावलेली नाळ दिसते छान, पण खऱ्या समुद्रात तो पाण्याचा हौद झाला असता. आंग्र्यांची लढायची रीतही या दोन तोफांवर उभी होती. वारा पडला की गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या पाठीमागे नेत आणि गुराबा समोरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या झोडपत. नाळेचा आकार चुकला की ही सगळी युद्धनीती प्रतिकृतीतून नाहीशी होते.

गलबत त्याच घाटाचे, पण लहान. मोठ्यात मोठे सत्तर टनांचे. त्याला दोन डोलकाठ्या असतात आणि मागची अगदी बारीक असते. मोठ्या डोलकाठीवर एकच भले मोठे तिकोनी शीड. ते चढवल्यावर त्याचे वरचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाते. म्हणजे परबाण, शिडाची ती तिरपी काठी, डोलकाठीपेक्षा लांब हवी. बाजारच्या तयार संचातून घेतलेली परबाण हमखास आखूड पडते. लहान गलबतांवर वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूची तक्तपोशी असे आणि काठावर फिरत्या खुंट्यांवर बसवलेल्या छोट्या तोफा असत. मोठ्या गलबतांवर पक्का डेक आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. वल्ही चाळीस ते पन्नास. बांबूच्या तक्तपोशीसाठी बुरुडाकडची कांब चिरून तासली की एक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या सहज निघतात आणि त्या कोणत्याही प्लास्टिकपेक्षा खऱ्या दिसतात.

या वर्णनात लांबी-रुंदी नाही, फक्त टन आहेत. म्हणून पुष्कळ जण मनाला येईल ते माप धरतात. पण हे टन वजनाचे नाहीत, जहाज किती माल घेईल याची ती मोजणी आहे, आणि तिचे सूत्र ठाऊक आहे. सगळी मापे फुटांत घेऊन लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने आणि मग अर्ध्या रुंदीने गुणायचे आणि ९४ने भागायचे. हेच उलटे करून पाहावे. १५० टनांच्या गुराबेची रुंदी २० फूट धरली तर लांबी ८२ फुटांच्या पुढे जाते. हे ‘रुंद’ जहाज नव्हे. २४ धरली तर लांबी जेमतेम ६३ फूट येते आणि जहाज परातीसारखे होते. २२ फूट रुंदीला साडेएकाहत्तर फूट लांबी येते, आणि ते प्रमाण वर्णनाशी जुळते. एकास बहात्तर (१:७२) या प्रमाणात एक फूट म्हणजे ४.२३ मि.मी. म्हणजे सांगाडा सुमारे ३०२ मि.मी. लांब आणि ९३ मि.मी. रुंद करावा आणि नाळेचा बाहेर आलेला भाग त्याच्या पुढे घ्यावा.

गलबताला दुसरा ताळाही लावता येतो. सत्तर टन आणि १५ फूट रुंदी धरली तर लांबी साडेसदुसष्ट फूट येते. एका बाजूला वीस वल्ही आणि दोन वल्हेकऱ्यांत निदान तीन फूट अंतर, म्हणजे साठ फूट तिथेच गेले. उरलेल्या साडेसात फुटांत नाळेकडची आणि सुकाणूकडची जागा बसते. रुंदी १६ धरली तर लांबी ६१वर येते आणि सुकाणू धरणाऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही. दोन वेगळ्या वाटांनी एकच माप निघाले की त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मराठी कागदांत जहाजाचा आवाका ‘खंडी’ या जुन्या मापात दिलेला असतो. पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद १९३०नंतर पंचेचाळीस भागांत छापले गेले आणि मोठ्या ग्रंथालयांत ते मिळतात. त्यांत आरमाराची माणसे, तोफा, लाकूड, दोर यांची माहिती सापडते. खंडी मात्र गावोगाव बदलते. मुंबईची वजनाची खंडी ५६० पौंडांची, म्हणजे चार खंड्यांचा एक इंग्रजी टन. हा हिशेब मुंबईपुरता धरावा आणि कोकणातल्या दुसऱ्या बंदराच्या कागदाला डोळे मिटून लावू नये.

चित्रे वापरताना चित्रकार कुठे बसला होता हे आधी पाहावे. १७५६च्या विजयदुर्गावरील हल्ल्याचे डॉमिनिक सेरेसचे प्रसिद्ध चित्र ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे, पण ते लंडनमध्ये रंगवलेले आहे. त्यातल्या इंग्रजी जहाजांवर जेवढा भरवसा ठेवता येईल तेवढा किनाऱ्यावरच्या नौकांवर ठेवू नये. बाल्तझार सोल्विन्सने अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात राहून देशी नौकांची कोरीव चित्रे काढली. त्यांत गुराबही आहे, पण ती बंगालकडची आणि आंग्र्यांच्या नंतरची. बांधणीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी कागद एदमाँ पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचे. १८४०च्या दशकात छापलेल्या त्याच्या रेखाटनांना मोजपट्टी आहे. त्यातली मुंबईची पत्तेमारी पाहून पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांची नाळ कशी तिरपी सुटते, बूड कसे गोलावते ते कळते. पत्तेमारी हे मालवाहू तारू आहे, तिची गुराब करू नये, पण हात एकाच परंपरेचे आहेत. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेले तर लाकडी होड्या बांधणाऱ्यांकडे वांक (सांगाड्याच्या फासळ्या) आणि नाळ यांचे जोड आजही पाहता येतात. जोड पाहावेत, रंग पाहू नयेत. होडीवरचा तो झगझगीत निळा-हिरवा ऑइल पेंट अगदी अलीकडचा आहे.

एक सूट द्यायलाच हवी. आंग्र्यांच्या ताफ्यात युरोपी जहाजे होती, ती जिंकलेली. १७३५मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ पकडले गेले. १७५६मध्ये ज्या जहाजाला आग लागून सारा ताफा पेटला ते ‘रिस्टोरेशन’ही मूळ कंपनीचेच. ते करायचे असेल तर खुशाल करावे, पण खाली नाव लिहावे.

आता रंग. रंगाबद्दलचे ज्ञान किती बदलते याची दोन उदाहरणे पुरेत. १६२८मध्ये पहिल्याच प्रवासात बुडालेले स्वीडनचे ‘वासा’ १९६१मध्ये वर काढले. त्याच्या मागच्या भागावरचे कोरीवकाम निळ्यावर सोनेरी असावे असे बरीच वर्षे मानले जाई. लाकडात उरलेले रंगाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर पार्श्वभूमी तांबडी आणि मूर्ती रंगीबेरंगी निघाल्या. इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजावरचे गडद पिवळे पट्टे २०१५मध्ये रंगांचे थर तपासून फिकट, किंचित गुलाबी झाकेचे करण्यात आले. इतकी जपलेली जहाजे चुकीच्या रंगात उभी होती. आपल्याकडे तर गुराबेची एक फळीही तपासायला शिल्लक नाही, तेव्हा बांधणीच्या साहित्यावरून रंगाकडे जावे.

लाकूड साग. ताजा साग सोनेरी असतो, उन्हापाण्यात तसाच सोडला तर राखाडी पडतो. माशाचे तेल पुन्हा पुन्हा पाजलेला साग काळपट तपकिरी होतो, आणि कामावरच्या जहाजाचा वरचा भाग असाच दाखवावा. पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेल यांचा लेप देत, म्हणजे तिथे मळकट पांढरा हवा. तांब्याचे पत्रे इंग्रज नौदलाने १७६१मध्ये ‘अलार्म’ या जहाजावर पहिल्यांदा करून पाहिले आणि सर्रास वापरले ते त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी. कान्होजींच्या गुराबेला तांबडे चकाकते बूड म्हणूनच अशक्य आहे. शिडे सुती कापडाची. दोर काथ्याचे, म्हणजे पिवळसर तपकिरी. डांबर फासलेले काळेभोर दोर ही युरोपी हेम्पच्या (भांगेच्या धाग्याच्या) दोरांची ओळख आहे.

रंगकाम कुठे असेल तर त्या काळी मिळणाऱ्या रंगांतच करावे. गेरू, शेंदूर, हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी, जंगाल, सफेदा एवढ्यांत पुष्कळ छटा बसतात. प्रशियन निळा १७०४च्या सुमारास बर्लिनमध्ये निघाला, कोबाल्ट निळा १८०२मध्ये, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२०च्या दशकात. १६७९च्या जहाजावर यांपैकी एकही चालणार नाही. बाटलीतला शुभ्र टायटॅनियम पांढरा विसाव्या शतकातला आहे, म्हणून त्यात नेहमी थोडा पिवळा मिसळावा. चुन्याच्या लेपासाठी दहा भाग पांढरा, एक भाग यलो ऑकर आणि काळ्याचा एक थेंब. तेल पाजलेल्या सागासाठी चार भाग बर्न्ट अंबर, दोन भाग रॉ सिएना आणि एक भाग पांढरा.

हा शेवटचा पांढरा विसरू नये. खरे जहाज आपण लांबून पाहतो आणि मधल्या हवेने रंग फिकट होतो. प्रतिकृती वीतभरावरून पाहिली जाते, त्यामुळे मूळ रंग जसाच्या तसा दिला तर तो गडद आणि खेळण्यासारखा दिसतो. हौशी कारागिरांचा ढोबळ नियम असा आहे की १:४८ला दहा टक्के, १:७२ला पंधरा टक्के पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळावा. चकाकीचेही तेच, शेवटचा हात मॅट वार्निशचा द्यावा. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, म्हणून ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नये. कार्डाच्या तुकड्यावर पट्टा ओढून प्रमाण लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात पाहावे. एलईडीखाली जुळलेले दोन तपकिरी रंग उन्हात वेगळे निघतात.

लाकूड निवडताना साग टाळा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण सागाची रेषा जाड असते आणि १:७२ला ती फूटभर रुंद दिसते. काळा कुडा, हळदू किंवा शिवण यांचा पोत बारीक असतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तुनाच्या लाकडाचे पातळ तुकडे मागितले तर मिळू शकतात, आणि पातळ लाकूड न चिरता वाकवावे कसे हे तिथल्या कारागिरांइतके जिल्ह्यात कोणाला कळत नाही. तुनावर थेट पांढरा दिला की आतला तांबूसपणा वर येतो. आधी चपड्याचा पातळ हात द्यावा, १०० मि.लि. स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवून गाळून घ्यावा. जोडातून बाहेर आलेला फेव्हिकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसावा. तो वाळला की त्या जागी लाकूड रंग पीत नाही आणि फिके डाग कायमचे राहतात.

तोफांची मापेही तपासावीत. नऊ पौंडी तोफेचे तोंड आतून ४.२ इंच, म्हणजे १:७२ला दीड मिलिमीटर. लांबी सात फूट धरली तर ३० मि.मी. बॉलपेनची रिकामी रिफिल जाडीला जवळजवळ बरोबर बसते. बाजारातली ४५ मि.मी.ची पितळी तोफ या प्रमाणात साडेदहा फुटांची होते. दोराची जुनी मापे घेराची असतात, व्यासाची नव्हे. तीन इंची दोर म्हणजे एक इंचाहून कमी व्यास, आणि १:७२ला एक तृतीयांश मिलिमीटर. हे न कळल्याने प्रतिकृतीवर तिप्पट जाड दोर चढतात. शिडांना चहात बुडवू नये, त्यातल्या आम्लाने सुती कापड काही वर्षांत कुजते. हळदीचा रंग तर उन्हाने महिन्याभरात उडतो, सांगलीची हळद असली तरी. पातळ केलेल्या ॲक्रिलिकचा एक हात पुरतो.

निशाणांबद्दल थोडे. भगवा गेरूच्या जवळचा असावा, रेडियमसारखा चमकणारा नारिंगी नको. समोर कंपनीचे जहाज ठेवले तर त्यावर तांबडे-पांढरे आडवे पट्टे येतात आणि कोपऱ्यात १७०७पर्यंत सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस, त्यानंतर युनियन, म्हणजे ब्रिटनचे एकत्रित निशाण. युनियनमधल्या तांबड्या तिरप्या रेघा १८०१च्या आहेत. १७५६च्या देखाव्यात त्या दिसल्या की परीक्षकांनी गुण कापावेत.

काही शाळा ‘विक्रांत’ ही भारतीय नौदलाची विमानवाहू नौका करतात. १९७१ची विक्रांत करायची तर पुढचा उंच उताराचा स्की-जंप नको, तो नंतर बसवला; तेव्हा विमाने कॅटापल्टने (विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राने) सुटत, आणि ती सी हॉक आणि अलिझे होती. सी हॅरियर १९८३मध्ये आली. आर ११ हा क्रमांक २०२२मध्ये दाखल झालेल्या नव्या विक्रांतवरही आहे, त्यामुळे फोनवर शोधलेले चित्र नेमके कोणत्या जहाजाचे हे बघून घ्यावे. जुन्या कृष्णधवल फोटोंवरून रंग ठरवताना, त्या काळच्या काही फिल्मवर तांबडा काळा आणि निळा जवळजवळ पांढरा उमटे हे लक्षात ठेवावे.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती अशी की प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक पानाचे पुरावा-पत्रक मागावे आणि शंभरातले तीस गुण त्याला ठेवावेत. त्यात चार रकाने पुरेत: भाग, काय केले, कशावरून केले आणि खात्री किती. त्या काळचा कागद किंवा वस्तू असेल तर ‘अ’, नंतरचे चित्र असेल तर ‘ब’, कारागिरीवरून केलेला तर्क असेल तर ‘क’. ‘क’ लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. रकाना रिकामा ठेवणाऱ्याचे कापावेत. ज्या भागाचा रंग ठरत नाही तो न रंगवता नुसते लाकूड ठेवले तर तेही मान्य करावे.

आपल्या वर्तमानपत्रालाही एक विनंती. आरमारावरच्या मजकुरासोबत जहाजाचे चित्र छापताना त्याखाली चित्रकाराचे नाव, साल आणि जहाज कोणाचे हे एका ओळीत द्यावे. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुले तेच चित्र कापून ठेवतात आणि त्यावरून जहाज बांधतात.

आपले,
नौका-प्रतिकृती करणारे काही हौशी कारागीर,
सांगली